गोळी घातली, तर बिघडले कुठे?

१. प्रश्न साधा, राग खरा

एखाद्या भयंकर गुन्ह्याची बातमी आली की चहाच्या टपरीपासून सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत एकच वाक्य फिरते : “खटला कशाला चालवायचा? सरळ गोळी घाला.” गोळी नाही तर चौकात फाशी, तेही नाही तर घरावर बुलडोझर. बोलणारी माणसे क्रूर नसतात. त्यांनी कोर्टाच्या तारखा पाहिलेल्या असतात. पोलीस ठाण्याच्या बाकावर ताटकळलेले नातेवाईक पाहिलेले असतात. ज्याच्यावर बोट दाखवले तो जामिनावर सुटून गल्लीत हिंडतानाही पाहिलेला असतो.

म्हणून या रागाला नाके न मुरडता त्याचा प्रश्न नीट उलगडून पाहू. त्यात तीन वेगळे प्रश्न दडलेले आहेत. शिक्षा जितकी कडक तितके गुन्हे कमी होतात का? पकडलेला माणूस तोच, हे कशावरून? आणि कडकपणाच्या घोषणेने फायदा नेमका कोणाचा होतो? तिन्ही उत्तरांसाठी फार दूर जायला नको. नवी मुंबईतल्या वाशीपासून सुरुवात करता येते.

२. वाशी ते वर्सोवा : एका दिवसाची गोष्ट

११ नोव्हेंबर २००६. वाशीतून भरदुपारी दोन माणसांना पोलिसांनी उचलले. एक रामनारायण गुप्ता, ज्याला लखनभय्या म्हणत. दुसरा त्याचा मित्र. लखनभय्यावर गुन्हे नोंद होते, तो काही साधुसंत नव्हता. पण त्याचा भाऊ वकील होता. भावाला उचलल्याचे कळताच त्याने वरिष्ठ अधिकाऱ्यांना तारा आणि फॅक्स पाठवले : माझ्या भावाला वाशीतून नेले आहे, त्याच्या जिवाला धोका आहे.

त्याच संध्याकाळी पोलिसांनी जाहीर केले की वर्सोव्यातल्या नाना-नानी पार्कजवळ चकमक झाली आणि तीत लखनभय्या ठार झाला. चकमक म्हणजे दोन्ही बाजूंनी झालेला गोळीबार. पण जो माणूस दुपारीच पोलिसांच्या ताब्यात होता, तो संध्याकाळी शस्त्र घेऊन पोलिसांवर चाल करून कसा येईल? मृत्यूच्या आधी पाठवलेल्या त्या तारांमुळे ही चकमक कोर्टात तपासली गेली. उच्च न्यायालयाच्या आदेशाने न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी केली आणि २००९ मध्ये अहवाल दिला की हा पोलिसांच्या ताब्यात झालेला खून आहे.

पुढे काय झाले तेही पाहा. लखनभय्यासोबत उचललेला मित्र हा या प्रकरणातला मुख्य साक्षीदार. मार्च २०११ मध्ये, कोर्टात साक्ष देण्याच्या तीनच दिवस आधी, तो नवी मुंबईतून बेपत्ता झाला. नंतर मनोरजवळ त्याचा जळालेला मृतदेह सापडला. तरीही खटला उभा राहिला. जुलै २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने २१ जणांना जन्मठेप दिली, त्यांत १३ पोलीस होते. ‘एन्काउंटर स्पेशालिस्ट’ म्हणून गाजलेले अधिकारी प्रदीप शर्मा तेव्हा निर्दोष सुटले.

शर्मांचा पुढचा प्रवास आपल्या विषयाच्या गाभ्याशी येतो. २०१७ मध्ये ते पुन्हा नोकरीत आले, २०१९ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि त्याच वर्षी शिवसेनेच्या तिकिटावर नालासोपाऱ्यातून विधानसभा लढवली. ते हरले. पण एका पक्षाला ही उमेदवारी मते मिळवून देणारी वाटली, हे महत्त्वाचे. १९ मार्च २०२४ रोजी उच्च न्यायालयात न्यायमूर्ती रेवती मोहिते डेरे आणि गौरी गोडसे यांच्या खंडपीठाने शर्मांची सुटका रद्द करून त्यांना जन्मठेप सुनावली. इतर १३ जणांची शिक्षा कायम ठेवली आणि ६ जणांना सोडले. शर्मा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तूर्त शरण जाण्यापासून त्यांना दिलासा मिळाला.

या निकालापर्यंत यायला सतरा वर्षांहून अधिक काळ लागला. ज्या दिरंगाईला कंटाळून लोक गोळीची भाषा बोलतात, ती दिरंगाई गोळीने वाचली नाही. गोळीचेच प्रकरण सतरा वर्षे चालले आणि त्यात एक साक्षीदार जिवानिशी गेला.

३. गुन्हेगार नेमका कशाला घाबरतो?

आता पहिला प्रश्न : कडक शिक्षेने गुन्हे थांबतात का?

लोकलने रोज जाणाऱ्याला याचे उत्तर ठाऊक असते. समजा तिकीट २० रुपयांचे आहे. पहिल्या व्यवस्थेत विनातिकीट प्रवासाला ५,००० रुपये दंड आहे, पण टीसी हजार फेऱ्यांत एकदाच भेटतो. म्हणजे फुकट्या प्रवाशाला एका फेरीमागे सरासरी ५ रुपये पडतात. तिकीट काढण्यापेक्षा पकडले जाणेच स्वस्त! दुसऱ्या व्यवस्थेत दंड फक्त २५० रुपये आहे, पण टीसी पाच फेऱ्यांत एकदा हमखास उभा असतो. आता फेरीमागे सरासरी ५० रुपये पडतात. तिकीट कोणत्या व्यवस्थेत जास्त विकले जाईल, हे सांगायला नको.

शिक्षेचा धाक तीन गोष्टींवर अवलंबून असतो : शिक्षा किती कडक, पकडले जाण्याची खात्री किती आणि शिक्षा किती लवकर. इटलीतल्या चेझारे बेकारिया यांनी १७६४ मध्येच मांडले होते की माणसाला शिक्षेच्या क्रौर्यापेक्षा तिची खात्री अधिक रोखते. पुढच्या अभ्यासांनीही बहुतांशी हेच दाखवले आहे. रागाच्या, नशेच्या किंवा वासनेच्या भरात गुन्हा करणारा कायद्याचे कलम आठवत बसत नाही. आणि थंड डोक्याने करणारा आपण सापडणारच नाही, हे गृहीत धरूनच करतो.

आता आपली खात्री किती ते पाहा. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अलीकडच्या बहुतेक वर्षांच्या आकड्यांनुसार बलात्काराच्या ज्या खटल्यांचा निकाल लागतो, त्यांतल्या शंभरातल्या जेमतेम २७-२८ खटल्यांत आरोपी दोषी ठरतो. तक्रारच नोंदवली गेली नाही, अशी प्रकरणे यात धरलेलीच नाहीत. ही खात्री वाढवायची तर शिक्षेच्या कलमात ‘मृत्युदंड’ हा शब्द घालून भागत नाही. त्याने फक्त दंडाचा आकडा वाढतो, टीसी वाढत नाहीत.

४. मग पुढारी कडकपणाच का निवडतात?

कारण तो स्वस्त पडतो आणि लगेच दिसतो. फायदा नेमका कोणाचा, या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही इथेच मिळते.

तपास सुधारायचा तर अधिकारी भरावे लागतात, त्यांना शिकवावे लागते, न्यायवैद्यक प्रयोगशाळा वाढवाव्या लागतात, न्यायाधीशांच्या रिकाम्या जागा भराव्या लागतात. यावर खर्च मोठा होतो, फळ दहा वर्षांनी मिळते आणि तेव्हा मंत्री दुसराच असतो. उलट कडक कायद्याचे विधेयक एका अधिवेशनात मंजूर होते आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या पानावर येते. पाच वर्षांनी मते मागायला जाणाऱ्या माणसाला यातले कोणते सोयीचे, हे उघड आहे. म्हणून हा मोह एका पक्षापुरता राहत नाही.

महाराष्ट्राचा गेल्या तीस वर्षांचा इतिहास पाहा. १९९५ च्या निवडणुकीत गोपीनाथ मुंडे यांनी राजकारणाच्या गुन्हेगारीकरणाचा मुद्दा घेऊन राज्य ढवळून काढले. युतीचे सरकार आले आणि गृहखाते त्यांच्याकडे गेले. मुंबईत तेव्हा टोळीयुद्ध खरोखर पेटलेले होते. पुढे मुंबईतल्या पोलीस चकमकींचे जे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, त्यात १९९५ ते १९९७ या काळातल्या ९९ चकमकींचा आणि त्यांत मेलेल्या सुमारे १३५ जणांचा प्रश्न होता. १९९९ मध्ये संघटित गुन्हेगारीविरुद्धचा मोक्का हा कायदा आला. त्यात जामीन अतिशय अवघड केला आणि आरोपपत्रासाठी १८० दिवसांपर्यंत मुदत दिली. पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाबही कोर्टात पुरावा ठरू लागला. साधारण कायद्यात पोलिसांसमोरची कबुली पुरावा मानत नाहीत, कारण ती मारहाण करून मिळवता येते.

पुढे सरकारे बदलली, ओढ तीच राहिली. डिसेंबर २०१९ मध्ये हैदराबादेत एका तरुण पशुवैद्यक महिलेवरील अत्याचार आणि खुनाच्या प्रकरणातले चार आरोपी पोलिसांच्या गोळीबारात ठार झाले. लोकांनी पोलिसांवर फुले उधळली. त्याच महिन्यात आंध्र प्रदेशाने ‘दिशा’ विधेयक आणले. त्याच धर्तीवर महाविकास आघाडी सरकारने ‘शक्ती’ विधेयक आणले आणि ते डिसेंबर २०२१ मध्ये आपल्या विधिमंडळात मंजूर झाले. त्यात बलात्काराच्या गंभीर प्रकरणांत मृत्युदंडाची तरतूद होती. विधेयकाला राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही आणि ते अमलात आले नाही. पण बातम्यांपुरता त्याचा उपयोग होऊन गेला होता.

हैदराबादेच्या त्या चकमकीची चौकशी सर्वोच्च न्यायालयाने निवृत्त न्यायमूर्ती वि. स. सिरपूरकर यांच्या आयोगाकडे दिली. आयोगाचा अहवाल २०२२ मध्ये बाहेर आला : पोलिसांनी मारण्याच्या हेतूनेच गोळ्या झाडल्या होत्या, आणि चारपैकी तिघे अल्पवयीन होते. अहवाल आला तेव्हा फुले उधळणारे कोणीच तिथे उरले नव्हते.

हे फक्त आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्याने १९९४ मध्ये तिसऱ्या गुन्ह्याला किमान २५ वर्षे ते जन्मठेप असा कायदा केला. गव्हर्नरांची निवडणूक त्याच वर्षी होती. या कायद्याखाली सुमारे १५० डॉलरच्या व्हिडिओ कॅसेट चोरणाऱ्या एका माणसाला किमान ५० वर्षांची कैद झाली आणि २००३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. १९८० च्या सुमारास अमेरिकेच्या तुरुंगांत साधारण ५ लाख माणसे होती. २००८ पर्यंत ती २३ लाखांवर गेली. अखेर २०१२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीच तो कायदा सौम्य केला.

५. तळोजा ते मुंब्रा : लोकांनी काय मागितले, काय मिळाले

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. २० ऑगस्टला लोक रेल्वे रुळांवर उतरले. त्यांचा राग आरोपीवर होता तसा यंत्रणेवरही होता : पालकांना तक्रार नोंदवण्यासाठी तासन्‌तास थांबावे लागले, शाळेने वेळेवर हालचाल केली नाही. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि या दिरंगाईवर कडक ताशेरे ओढले.

२३ सप्टेंबरच्या संध्याकाळी आरोपीला नवी मुंबईतल्या तळोजा कारागृहातून पोलीस गाडीतून नेले जात होते. मुंब्रा बायपासजवळ गाडीतच गोळीबार झाला आणि तो मेला. पोलिसांचे म्हणणे असे की त्याने एका पोलिसाचे पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, म्हणून स्वसंरक्षणार्थ गोळी घालावी लागली. सरकारनेही तेच सांगितले. दोन दिवसांत मुंबईत ‘बदला पुरा’ असे फलक झळकले. त्यांवर तत्कालीन गृहमंत्री देवेंद्र फडणवीस यांचा हातात बंदूक घेतलेला फोटो होता. विधानसभेचे मतदान दोन महिन्यांच्या आत होते.

जानेवारी २०२५ मध्ये न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने गाडीतल्या पाच पोलिसांना मृत्यूला जबाबदार धरले. एप्रिलमध्ये उच्च न्यायालयाने गुन्हा नोंदवण्याचा आणि विशेष पथकाकडून तपास करण्याचा आदेश दिला.

आता लोकांची मागणी आणि मिळालेली गोष्ट शेजारी शेजारी ठेवा. लोकांत फाशीची मागणी होती, पण तक्रार लगेच घ्या, शाळेला जबाबदार धरा, खटला झटपट चालवा, असेही लोक म्हणत होते. त्यांना मिळाली एक गोळी. कायद्यानुसार आरोपी मेला की त्याच्यापुरता खटला संपतो. त्या मुलींवर काय झाले, कोणाला कधी कळले, कोणी दडपले, हे त्याच्या खटल्यात साक्षीपुराव्याने तपासले गेले असते. ती संधी गेली. आरोपी मारला गेल्यावर दिरंगाई करणाऱ्यांना विचारायचे प्रश्नही चर्चेतून मागे पडले.

इथे एक तारीख लक्षात ठेवण्याजोगी आहे. मुंबईतल्या त्या ९९ चकमकींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पोलीस गोळीबारातील मृत्यूंसाठी १६ नियम घालून दिले : प्रत्येक प्रकरणाचा स्वतंत्र यंत्रणेकडून तपास, न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी, आणि घटनेनंतर लगेच बढती किंवा शौर्यपदक नाही. तो निकाल २३ सप्टेंबर २०१४ चा. मुंब्र्याचा गोळीबार झाला तेव्हा त्याला बरोबर दहा वर्षे झाली होती.

६. आणि माणूस चुकीचा असेल तर?

दुसरा प्रश्न होता : पकडलेला माणूस तोच, हे कशावरून?

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या लोकलमध्ये साखळी बॉम्बस्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे मारली गेली. काही महिन्यांत १३ जण पकडले गेले आणि त्यांच्यावर मोक्का लागला. खटल्यात कबुलीजबाबांवर मोठी भिस्त होती. २०१५ मध्ये विशेष न्यायालयाने १२ जणांना दोषी ठरवले : पाच जणांना फाशी, सात जणांना जन्मठेप. २१ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाने बाराही जणांना निर्दोष ठरवले. कबुलीजबाब विश्वासार्ह नाहीत आणि सरकार पक्षाला गुन्हा शाबीत करता आला नाही, असे न्यायालयाने म्हटले. फाशी सुनावलेल्यांपैकी एक जण २०२१ मध्येच तुरुंगात वारला होता. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरू नये, असे त्या न्यायालयाने सांगितले, पण सुटलेल्यांना परत तुरुंगात पाठवले नाही.

या पाच जणांना ‘लगेच’ फाशी दिली असती तर? आणि उच्च न्यायालयाचे म्हणणे बरोबर असेल, तर ज्यांनी बॉम्ब ठेवले ते इतकी वर्षे कुठे आहेत? चुकीचा माणूस आत गेला की खरा गुन्हेगार बाहेर राहतो. म्हणजे कडक कायद्याने पोलिसांचे काम सोपे केले की स्फोटात माणसे गमावलेल्या घरांनाही न्याय मिळत नाही.

दोषी ठरण्याआधीच भोगायच्या शिक्षेचा विचारही इथेच करायला हवा. ज्याचा खटला अजून संपलेला नाही, त्याला तुरुंगाच्या भाषेत ‘कच्चा कैदी’ म्हणतात. २०२२ च्या अखेरीस देशाच्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांतले ४,३४,३०२, म्हणजे चारातले तीन, कच्चे कैदी होते. जामीन अवघड करणारा प्रत्येक कायदा यात भर घालतो. फादर स्टॅन स्वामी हे ८३ वर्षांचे, कंपवाताने आजारी गृहस्थ ऑक्टोबर २०२० मध्ये बेकायदा कारवाया प्रतिबंधक कायद्याखाली अटक होऊन याच तळोजा कारागृहात आले. पाणी पिण्यासाठी स्ट्रॉ आणि सिपर मिळावे म्हणून त्यांना कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी ते मुंबईच्या रुग्णालयात वारले. खटला सुरूही झाला नव्हता.

७. कडकपणाची झळ कोणाला लागते?

पहिली झळ गरिबाला लागते. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशातल्या फाशीच्या कैद्यांच्या अभ्यासात जवळजवळ तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बळ आढळले. चांगला वकील परवडणारा माणूस फाशीच्या कोठडीपर्यंत क्वचितच पोहोचतो.

दुसरी झळ ज्यांच्या नावाने कायदा होतो त्या स्त्रियांना आणि मुलांनाच लागते. बलात्काराच्या नोंदवलेल्या प्रकरणांत ९५ टक्क्यांहून अधिक आरोपी ओळखीचे असतात : नातेवाईक, शेजारी, शिक्षक, मालक. सख्ख्या काकाला फाशी होईल हे ठाऊक असेल, तर घरातले लोक मुलीला तक्रार करू देतील की तिचे तोंड दाबतील? शिवाय बलात्काराला आणि खुनाला एकच शिक्षा असेल, तर साक्षीदार जिवंत ठेवण्याचे कारण गुन्हेगाराला उरत नाही. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर नेमलेल्या न्यायमूर्ती जे. एस. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये बलात्काराला मृत्युदंड सुचवला नाही, तो विचारपूर्वकच. काही दिवसांतच आलेल्या वटहुकमाने अतिगंभीर प्रकरणांसाठी तो आणला.

तिसरी झळ सगळ्यांना लागते. मार्च २०२५ मध्ये नागपुरात दंगलीतल्या एका आरोपीचे घर महापालिकेने पाडले. उच्च न्यायालयाचा स्थगिती आदेश आला तेव्हा घर पडून गेले होते. जेमतेम चार महिन्यांपूर्वी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की गुन्ह्याचा आरोप आहे म्हणून कोणाचे घर पाडता येणार नाही. त्या घरात राहणारी बाकीची माणसे कोणत्या गुन्ह्याची आरोपी होती?

८. मग गुन्हेगारांना मोकळे सोडायचे?

मुळीच नाही. शाबीत गुन्ह्याला शिक्षा व्हायलाच हवी. मुद्दा एवढाच की सरकारने आपली ताकद शिक्षेच्या आकड्यावर न लावता तिच्या खात्रीवर लावावी. त्यासाठी नवे कायदेही फारसे लागत नाहीत. साक्षीदारांना संरक्षण देणारा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा आहे. दखलपात्र गुन्ह्याची तक्रार नोंदवणे पोलिसांना बंधनकारक आहे. पोलीस गोळीबाराचे १६ नियम आहेत. कमी आहे ते हे सगळे रोज पाळण्याचे कंटाळवाणे काम, ज्याचा फलक कोणी लावत नाही.

ते करून घेणे मतदाराच्या हातात आहे. पुढच्या निवडणुकीत उमेदवार तुमच्या दारात येऊन ‘गुन्हेगारांना सोडणार नाही’ म्हणाला, की त्याला तीन प्रश्न विचारा. आपल्या पोलीस ठाण्यात मुलीवरच्या अत्याचाराची तक्रार किती तासांत नोंदवली जाते? न्यायवैद्यक अहवाल किती महिन्यांनी येतो? गेल्या वर्षी किती साक्षीदारांना संरक्षण मिळाले? आकडे देऊन उत्तर देणाऱ्याला मत द्यायचा विचार करा. ज्याच्याकडे फक्त फाशीची आणि बुलडोझरची भाषा असेल, त्याला तुमच्या सुरक्षिततेपेक्षा स्वतःच्या खुर्चीची काळजी अधिक आहे, असे खुशाल समजा.